चार वाजताचं ऊन

वाळवणमामांना काहीही विचारा, ते आधी वर आभाळाकडे बघणार आणि मग उत्तर देणार. चहा घेता का, एवढं विचारलं तरी तेच. मामी तर येईल त्याला सांगायच्या, "मुलगी पसंत आहे का म्हणून विचारलं, तेव्हासुद्धा ह्यांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं. त्या दिवशी ढग असते तर मी सुटले असते." मामा समोरच बसलेले असायचे. "थोडे होते," ते म्हणायचे.

हे नाव त्यांना अख्ख्या गल्लीने मिळून दिलेलं. घरामागे अंजीर, पीच आणि बदामाची तीनेकशे झाडं, आणि घर नि झाडं यांच्यामध्ये वडिलांनी घातलेलं काळ्या फरशीचं अंगण. मामांचं राज्य ते एवढंच. उन्हाळा उतरणीला लागला की जाळी ठोकलेले लाकडी ट्रे त्या फरशीवर ओळीने मांडले जात. पीच मधोमध चिरायचे, बी काढायची आणि वाट्या वर तोंड करून ठेवायच्या. वाटीत जमलेला रस तिथल्या तिथे आटला पाहिजे, सांडला की गोडी गेली. अंजीर रोज एकदा उलटायचं, तेही देठाला धरून. कोणाचं बोट अंजिराच्या पोटाला लागलं तर मामा असे कळवळत, की बघणाऱ्याला वाटावं ह्यांच्याच पोटात कोणी बोट खुपसलं. बदाम बिचारा गरीब. पसरा, हलवा, कानाशी नेऊन खुळखुळवा, त्याची काही तक्रार नसते. गंधकाची धुरी नाही, साखरेचा पाक नाही, मशीन नाही. ऊन, फरशी आणि मामांचा खडूसपणा, एवढ्या भांडवलावर चाळीस वर्षं माल तयार होत होता.

त्यातही मामांचा खरा जीव चार वाजताच्या उन्हावर. बाराचं ऊन नुसती साल तापवतं, असं त्यांचं शास्त्र. चारनंतर खाली फरशी तापलेली असते, वरून ऊन तिरपं येतं, तेव्हा कुठे फळ आतलं पाणी सोडायला राजी होतं. ते दोन तास हुकले की अंजीर बाहेरून वाळतं आणि आतून आंबतं.

"काही माणसांचं तसंच असतं," मामी म्हणायच्या. बघायच्या मात्र दुसरीकडेच.

आता या अंगणाच्या पश्चिमेला एक अरुंद बोळ, आणि बोळापलीकडे हेडमास्तरांचं बैठं घर. हेडमास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांच्या शर्टाची इस्त्री अजून नोकरीवर होती. दोन वर्षांपूर्वी मामांची एकुलती एक लेक याच घरात सून म्हणून गेली. लोक कुठली कुठली स्थळं धुंडाळतात, पोरीने बोळ ओलांडला. मामी तिला निरोप देताना हमसून हमसून रडल्या आणि तासाभराने तिची राहिलेली चप्पल द्यायला जाऊन आल्या.

सगळं छान झालं, फक्त दोन पुरुषांचं बोलणं बिघडलं. म्हणजे भांडण नव्हे, उलटंच. शेजारी होते तेव्हा पंचवीस वर्षं एकमेकांना वाटेल ते सुनवायचे. हेडमास्तरांचं मांजर पीचच्या ट्रेवरून चालत गेलं की मामा त्या मांजराचा आणि त्याच्या मालकाचा एकदमच उद्धार करायचे. व्याही झाले आणि दोघांच्या तोंडाला साखर लागली. तेच मांजर त्याच ट्रेवर पाय पसरून झोपलं तरी मामा म्हणत, "असू द्या, त्याचंच घर आहे." मामींना हे ऐकून मळमळायचं.

त्या वर्षी अंजीर उतरायला लागलं आणि हेडमास्तरांच्या गच्चीवर विटा चढल्या. मुला-सुनेसाठी वर एक खोली बांधायची होती. तीही नेमकी पूर्वेच्या कडेला, अंगणाच्या अंगावर.

मामांनी एका काठीला रुमाल बांधला, ती बोळात उभी धरली आणि सावली कुठे पडते ते पाहिलं. भिंती पुऱ्या झाल्या की पावणेचारला सावली फरशीवर पाय ठेवणार आणि पाचच्या आत निम्मं अंगण गिळणार. दुसरीकडे मांडायला फरशी नव्हती आणि मातीवर मामांनी आयुष्यात फळ टाकलं नव्हतं.

"जाऊन सांगा त्यांना," मामी म्हणाल्या.

"काय सांगू? पोरीला खोली बांधू नका?"

"पलीकडच्या कडेला बांधा म्हणावं."

"आपण मुलीकडचे. त्यांच्या घरात खोली कुठे असावी हे आपण सांगायचं?"

"मग बसा वर बघत."

मामा गेले. हातात बदामाची पिशवी घेऊन गेले. हेडमास्तरांनी टेबलावर नकाशा पसरलेलाच होता.

"या या, व्याहीबुवा. तुमचीच आठवण काढत होतो. छत दहा फूट ठेवावं की अकरा? तुमचं मत काय?"

मामांनी सवयीने वर पाहिलं. वर पंखा होता.

"अकरा," मामा म्हणाले. "हवा खेळती राहते."

घरी आल्यावर मामींनी विचारलं, "मग? काय झालं?"

"एक फूट वाढली."

त्या संध्याकाळी मामींनी भांडी जरा आवाजातच घासली.

मामा आणखी दोनदा गेले. एकदा विटांचं कौतुक करून आले, एकदा नुसताच चहा पिऊन. मग त्यांनी गवंड्याला गाठलं. काम जरा सावकाश चालव बाबा, एवढा अंजिराचा घाणा निघू दे, म्हणून त्याला रोज ओंजळभर बदाम देऊ लागले. गवंडी बदाम खाऊन असा तरतरीत झाला, की भिंती दोन दिवस आधीच उभ्या राहिल्या.

आणि सावली आली. रोज पावणेचारला मामा एकेक ट्रे उचलून अंगणाच्या पूर्वेच्या अर्ध्यात न्यायचे, ट्रेला ट्रे खेटून मांडायचे. तरी अंजिराच्या दोन ओळी उरायच्याच, त्या सावलीत राहायच्या. सहासष्टाव्या वर्षी कंबर बोलायला लागली होती. लेकीने एकदा गच्चीवरून विचारलं, "बाबा, ट्रे का हलवताय?"

"व्यायाम," मामा म्हणाले.

सहाव्या दिवशी त्यांनी सावलीतल्या ओळीतलं एक अंजीर उचललं. वरून बघाल तर देखणं. मधोमध फाडून नाकाशी नेलं. वास आला तो मधाचा नव्हता. दुसरं फाडलं, तिसरं फाडलं. मामा तिथेच फरशीवर टेकले. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि, हे नोंद करण्यासारखं आहे, टोमणा न मारता आत जाऊन पाणी घेऊन आल्या.

हंगामातली पहिली पिशवी दर वर्षी हेडमास्तरांकडे जायची, सोयरिकीच्या आधीपासून. मामांनी उन्हातल्या ओळीतली चांगली अंजिरं भरली. पिशवीचं तोंड बांधलं. मग ते सोडलं, पिशवी उलटी केली आणि सावलीतली भरली. आपल्या तोंडून निघत नाही, तर अंजिराच्या तोंडून निघू दे.

हेडमास्तर व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. "आलं का यंदाचं?" म्हणत त्यांनी एक अख्खं अंजीर तोंडात टाकलं. एकदा चावलं. दुसऱ्यांदा चावताना डोळे बारीक झाले, गळ्याची घाटी वर गेली आणि कशीबशी खाली आली.

"वा," हेडमास्तर म्हणाले. "यंदाची चव काही वेगळीच."

आणि शिष्टाचार म्हणून त्यांनी दुसरंही तोंडात टाकलं.

मामा बघत राहिले. चाळीस वर्षांत त्यांच्या अंगणातलं नासकं फळ कोणाच्या तोंडात गेलं नव्हतं, आणि आज ते गेलं तर वर "वा" ऐकायला मिळत होतं. सावलीने झालं नव्हतं तेवढं त्या एका अक्षराने झालं.

"थुंका ते," मामा म्हणाले.

"अं?"

"थुंका म्हणतो. आंबलंय."

"नाही हो, जराशी आंबूस झाक आहे, पण तशी..."

"झाक नाही, नासलंय ते. तुमच्या खोलीने नासवलंय. चार वाजता सावली येते माझ्या अंगणात. दोन ओळी गेल्या. अशीच राहिली तर पुढच्या वर्षी सगळा मालच जाईल, आणि मला दुसरं काही करता येत नाही."

हेडमास्तरांनी अंजीर रुमालात काढलं, रुमालाची घडी घातली. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. लेक दाराशी आली होती.

"मग अकरा फूट का म्हणालात?" हेडमास्तरांनी विचारलं.

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"अहो, मला ती कडा नकोच होती. पलीकडे वारा किती छान येतो. तुमच्यासाठी इकडे घेतली. म्हटलं, काम करता करता लेक खिडकीत दिसेल, तेवढंच तुम्हा दोघांना बरं."

"आणि मला कोणी विचारलंच नाही," लेक दारातून म्हणाली. "मला पलीकडची कडा चालली असती. इकडच्या खिडकीत मी किती वाजता उठते, हे आईने रोज मोजलं असतं."

दोघेही तिच्याकडे बघायला लागले. मग दोघेही दुसरीकडे बघायला लागले.

चार वाजता हेडमास्तर मामांना घेऊन गच्चीवर चढले. वरून सगळं अंगण दिसत होतं आणि त्यावर खोलीची सावली चौकोनी पसरली होती, कडा अगदी पट्टीने आखल्यासारखी. फळ्यावरचं गणित आपल्याच हातून चुकीचं सोडवलं गेलंय हे कळल्यावर मास्तर जसा उभा राहील, तसे हेडमास्तर उभे होते. मग त्यांनी गवंड्याला हाक मारली.

"पाडायची? एवढी चांगली भिंत?" गवंडी म्हणाला. "चार दिवस लागतील."

"बदाम तीनच दिवसांचे मिळतील," मामा म्हणाले.

विटा उतरेपर्यंत सावली यायचीच होती. म्हणून हेडमास्तर रोज पावणेचारला बोळ ओलांडून येऊ लागले, इस्त्रीच्या शर्टात, बाह्या दोन घड्या वर करून. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला पीचचा ट्रे सांभाळता येत नव्हता.

"तिरका धरू नका. रस सांडतोय."

"व्याह्याशी असं बोलतात?"

"सरळ धरा, मग गोड बोलतो."

हेडमास्तरांनी ट्रे सरळ केला आणि पाऊल मोजत चालू लागले. मामी खिडकीतून बघत होत्या. त्यांनी लेकीला बोळापलीकडे हाक मारून सांगितलं, "ये लवकर, मोठी मुलं खेळताहेत."

आंबलेल्या दोन ओळी मामांनी झाडांच्या बुडाशी खड्डा करून पुरल्या. एकही अंजीर विकायला ठेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी गवंड्याने वरचे थर उतरवले. पावणेचार वाजले, चार वाजले. हेडमास्तर सवयीने एक ट्रे उचलून अंगणाच्या मधोमध उभे राहिले. ऊन त्यांच्या पायांवर होतं, पश्चिमेकडच्या ओळीवर होतं, अगदी बोळाच्या कडेपर्यंत होतं.

"हा कुठे ठेवू?" त्यांनी विचारलं.

मामांनी वर पाहिलं.

"होता तिथेच," ते म्हणाले.