कोऱ्या गोळ्या

दवाखान्याचं कुलूप काढलं की बाई आधी तळहात एकमेकांवर चोळत बसायच्या. थंड हातानं नाडी धरली की माणूस दचकतो आणि दचकलेली नाडी खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं.

होमिओपॅथीच्या त्या डॉक्टर. लोक नुसतं ‘बाई’ म्हणायचे. कपाटातल्या एका बरणीत कोऱ्या गोळ्या असत, म्हणजे औषध न घातलेली नुसती साखर. शिंपीकाकांना बाई सहा वर्षं त्याच देत होत्या. बायको गेल्यापासून काकांच्या छातीत भरून यायचं. हृदयाच्या डॉक्टरांकडून बाईंनी तपासून आणलं, काही निघालं नाही. मग बाई गोळ्यांची डबी भरत असताना काका तासभर बोलायचे, हलके होऊन जायचे. चुकतंय असं बाईंना कधी वाटलं नाही.

एका सकाळी काका आले ते भिंतीला धरून. शर्ट घामानं चिंब, डावा हात पोटाशी.

“पहाटेपासून तीनदा घेतल्या गोळ्या,” ते म्हणाले. “उतरेल. जरा कडक द्या.”

बाईंनी फोन उचलला. त्यांनी गाडी बोलावली.

“इस्पितळात नाही हं येणार! माझा भरवसा तुमच्यावर.”

“काका, त्या गोळ्यांत औषध नाही. कधीच नव्हतं. साखर आहे नुसती.”

“मग मला बरं कसं वाटायचं?”

“बोलून.”

“फसवलंत की हो, बाई.”

“फसवलं. आता गाडीत बसा. वाटेत हव्या तेवढ्या शिव्या घाला.”

त्यांनी शिव्या घातल्या नाहीत. वाटभर खिडकीबाहेर बघत राहिले, आणि ते बाईंना जास्त लागलं.

काका वाचले. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी बाईंनी ती बरणी मागच्या अंगणात मुंग्यांच्या वाटेवर रिकामी केली. पुढे कुणाचं दुखणं नुसतं मनात साठलेलं दिसलं, की त्या सरळ सांगायच्या, “औषध लागत नाही तुम्हाला. पण बसा.” काहीजण तोंड वाकडं करून गेले. “बसायला घरी जागा नाही होय?” असंही एकीनं सुनावलं.

काका तीन महिने फिरकले नाहीत. मग एक दिवस आले, काही न मागता बसले, आणि येतच राहिले.

बाई गेल्या त्याच्या आदल्या दुपारीही ते आले होते. दारातूनच काहीतरी सांगायला लागले, तशा बाई म्हणाल्या, “खुर्ची पुढे ओढा हो काका, हल्ली या कानानं नीट ऐकू येत नाही मला.”