चौलच्या वाडीत गाडीच्या काळ्या कडा रंगवताना

गाडी विकायची ठरल्यावर माझा नवरा अनिल म्हणाला, "कडा मी रंगवणार. शेवटची फेरी कोकणात करू, तिथेच." जुनी मिनीबस घेऊन तिच्यात बिछाना, ओटा, पाण्याची टाकी सगळं त्यानेच बसवलं होतं. पक्षाघातानंतर त्याचा उजवा हात चालत नाही. तेव्हापासून गाडी मी चालवते.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव गाठलं. गाडी लांब असेल तर घाटातल्या वळणांवर घाई करू नका. माणगावच्या बाजारात मिसळ खाल्ली, पॉलिश पेपर, चिकटपट्टी, प्लॅस्टिकवर लावायचा प्रायमर आणि काळा रंग घेतला. तिथून रोह्यामार्गे चौल.

कुंदाताईंच्या सुपारीच्या वाडीत गाडी उभी करायला जागा मिळते, आणि तीही हॉटेलच्या खोलीपेक्षा बरीच स्वस्त. जेवणात सुरमई किंवा वालाची उसळ. आधी सांगावं लागतं. किनाऱ्यावर रंगकाम करू नका, वाळू उडून ओल्या रंगाला चिकटते. वाडीत वारा अडतो.

खिडक्यांखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि चाकांवरच्या कमानी उन्हाने राखाडी झाल्या होत्या. मी त्या गोड्या पाण्याने धुतल्या, घासल्या, प्रायमर लावला. प्रायमर वाळल्यावर अनिलने डाव्या हातात ब्रश घेतला.

"भाऊंना कशाला तरास?" कुंदाताई म्हणाल्या. "आमच्याकडं रंगारी हाय की."

"त्यांनाच करायचंय."

पहिलीच पट्टी अर्धी झाली आणि हात घसरला. पांढऱ्या पत्र्यावर काळा फराटा. मी फडकं घेऊन पुढे झाले.

"राहू दे. मी पुसतो."

पुसताना तो आणखी पसरला. अनिलने ब्रश डब्यावर आपटला आणि विहिरीपाशी जाऊन बसला.

"आता तुमी उरकून टाका," कुंदाताई हळूच म्हणाल्या.

मला सहज जमलं असतं. मी गाडीच्या पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने तो परत आला. "तू चिकटपट्टी लावत पुढे जा. मी मागून येतो."

संध्याकाळपर्यंत एक बाजू झाली, दुसऱ्या दिवशी दुसरी. मग रेवदंड्याच्या किनाऱ्यावर चक्कर मारली आणि परत निघालो.

आठवड्याभरात नाशिकचं एक जोडपं गाडी बघायला आलं. त्या मुलाने मागच्या कमानीवरून बोट फिरवलं. "हे कुणी रंगवलंय?"

"मी," अनिल म्हणाला. "वाकडं झालंय तिथे."

गाडी गेली. मला वाटलं होतं तितकं काही वाटलं नाही. चौलमधलं मनात राहिलंय ते पायरीवरचं बसणं. आजारपणापासून त्याची पोळी मोडून देणं, बूट बांधणं, सगळं मीच करत आलेय. तिथे पहिल्यांदा हात आवरले.

परवा लग्नाला निघताना मी त्याच्या शर्टाची बटणं लावायला गेले. "थांब," तो म्हणाला. मी दाराशी उभी राहिले. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.