मागाच्या खड्ड्यातले पाय

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर नागपूरची गाडी लागली आणि मी बाबांच्या पाया पडायला वाकले. बाबा एकदम मागे सरकले. "अवो बाई, काय करून राहिली? लोक पाहून राहिले ना!" आमच्या कोष्ट्याच्या घरात लेक बापाच्या पायाला हात लावत नाही, बापच लेकीच्या पाया पडतो. मला हे ठाऊक होतं. पण एवढ्या लांब निघालेल्या माणसानं वाकायचं असतं असं वाटलं, म्हणून वाकले. मग बाबांनीच माझ्या पायाला हात लावून कपाळाला नेला आणि माझी बॅग खिडकीतून आत ढकलली.

मी पुण्याला फिजिओथेरपी शिकायला चालले होते. आमच्या आंधळगावात या शब्दाचा एकच अर्थ निघाला, मालिश. "मालिश शिकाले साडेचार वर्सं? आन् तेही पुण्याले?" मोठी काकू आईला विचारायची, आणि माझ्याकडे अशी बघायची की बाप्पा, मी काहीतरी लपवूनच चालले आहे. खरं सांगू? गेल्यावर संशय मलाही आला. पहिल्याच महिन्यात एकमेकींच्या गुडघ्याची वाटी चाचपायची, पोटरी दाबायची, पुढे तर अनोळखी माणसांचे तळपाय मांडीवर घ्यायचे. घरी कळलं तर दुसऱ्या दिवशी परत बोलावतील या धाकानं मी फोनवर फक्त हाडांची नावं सांगायची.

मग आम्हाला माणसाची चाल बघायला शिकवलं. आधी टाच टेकते का, कंबर कुठे कलते, पंजा उचलतो की घासतो. झालं, माझी नजरच नासली! रस्त्यावर एक माणूस सरळ चालताना दिसेना. मेसवाल्या काकू उजवीकडे कललेल्या, वॉचमनकाकांचा गुडघा गेलेला. जो "मी एकदम बरा आहे" म्हणेल त्याच्यावर तर जास्तच संशय. माझ्यासारखे जे निघाले, त्यांना विचारते: तुमचंही असं काही झालं का? गावाकडचे तर म्हणतातच, पोरगी शहरात जाऊन शहाणी झाली.

संशय एके दिवशी घरापर्यंत गेला. व्हिडिओ कॉल लावला की बाबा मागावर बसलेले. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीशी बसतो, पाय खाली खड्ड्यात, तिथल्या दोन पट्ट्या आळीपाळीनं दाबायच्या. म्हणजे कमरेखालचा माणूस दिसतच नाही. आधी बाबा फोन आला की अंगणात येऊन कोशाच्या रेशमाचं नवं कापड उजेडात धरून दाखवत. आता उठायचं नावच घेईनात.

"उठून दाखवा ना, बाबा."

"कायले उठू? धागा तुटन."

आईला विचारलं, तर म्हणाली, "काही नाही झालं त्याईले. तू आपला अभ्यास कर." प्रश्न पुरा व्हायच्या आत हे उत्तर आलं, तेव्हाच मी समजले.

पण पहिला संशय मी घेतला तो लाखोळीच्या डाळीवर. लाखोळी अती झाली की पाय लुळे पडतात असं वर्गात ऐकलं होतं आणि आमच्याकडे तर रोज लाखोळी. लगेच फोन करून सांगितलं, डाळ बंद कर. आई असली भडकली! "आमचा जलम गेला लाखोळीवर, आन् तू पुण्यात बसून आमच्या डाळीले नावं ठेवून राहिली?" फोन आपटला. बिचारी डाळ, तिचा काही दोष नव्हता.

दिवाळीला गेले. दर वेळी बाबा मला घ्यायला यायचे, या वेळी शेजारचे काका आले. घरी पोचले तर बाबा मागावर. जेवायला बोलावलं, तर "तुम्ही बसा, एवढं करतो." मी जेवले नाही. ओसरीत बसून माग ऐकत राहिले. आडवा धागा घेऊन धोटा जातो, पट्टी दबते, धोटा येतो, दुसरी दबते, या आवाजात मी लहानाची मोठी झाले. आता एक पट्टी धप्पकन दबत होती आणि दुसरी, डावीकडची, घासत, उशिरा.

"बाबा, डावा पंजा उचलत नाही ना?"

"कोण म्हणते?"

"तुमचा माग म्हणते."

माग थांबला. आई स्वयंपाकघरातून रडतच आली. "मी म्हणत होती, लपवू नोका. पण पोरगी परीक्षा सोडून पळत येईन म्हणे."

मला इतका राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला एक नस हाडाला चिकटून जाते. बाबा वर्षानुवर्षं तो गुडघा खड्ड्याच्या काठाला टेकवून बसलेले. नस दबली होती. तिच्यात अजून जीव आहे का, हे पायाला हात लावल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उशीर झाला तर पंजा कायमचा पडणार. म्हणजे मागही सुटणार. आणि बाबा पाय देईनात!

"लेकीच्या हातात पाय? मेलो तरी नाही. नागपूरले दाखवतो ना."

"कधी?"

"पाहू."

त्या 'पाहू'वर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी भांडले, रडले. "दुनियेचे पाय मांडीवर घेते मी, बाबा. तुमचाच तेवढा नाही?"

बाबांनी हातातला धोटा बाजूला ठेवला. मग हातांवर जोर देऊन खड्ड्यातून वर आले, पंजा घासत माझ्यापर्यंत आले आणि वाकून आधी माझ्या पाया पडले. मग खाली बसले, डावा पाय पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "पाहा आता. लेक म्हणून नोको पाहू, डागदरीण म्हणून पाहा."

मी नडगीच्या कडेला बोटं ठेवली आणि म्हटलं, पंजा वर. काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. तिसऱ्यांदा बोटांखाली कातडी जराशी हलली. "आहे! जीव आहे!" मी ओरडले. बाबा भिंतीकडेच बघत होते, पण डोळे पुसताना दिसले मला.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना नागपूरला नेलं, 'पाहू' म्हणायला जागाच ठेवली नाही. पंजा उचलून धरायला पट्टा आला, खड्ड्याच्या काठाला गोधडीची घडी आली, रोजचा व्यायाम आला.

आता मी पुण्यातच नोकरीला आहे. घरी फोन केला की म्हणते, फोन मागाजवळ ठेवा. मध्यंतरी दोन्ही पट्ट्यांचा आवाज इतका सारखा आला की मला शंका आली, बाबांना झोपवून आईच बसली असणार मागावर! तिलाही येतं विणता. तेव्हापासून नियम केला: माग चालू असताना आईनं माझ्याशी बोलायचं. "किती संशयी झाली गे माय!" ती करवादते. करवादू दे. तिची बडबड चालू असते, आणि तिच्यामागे बाबांचा उजवा पाय, मग जरासा उशिरा डावा. तो उशिरा येणारा डावा पाय ऐकू आला, की तेवढा वेळ मी घरी असते.