दुसरं वाक्य

ग्वेल्फमधल्या ज्या फुटबॉल टीमचा मी तीन उन्हाळे मॅनेजर होतो, ती माझ्याकडे कशी आली हे मी बरीच वर्षं कोणाला नीट सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचो, "आधीचे मॅनेजर सोडून गेले." ते सोडून गेले नव्हते. त्यांना काढलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

मी मूळचा कामठीचा. तिकडे पोरांच्या पायाला क्रिकेटच्या आधी फुटबॉल लागतो. इंजिनिअरिंगलाही मी मिडफील्डला खेळायचो. अंगाने किरकोळ, पण समोरच्याच्या अंगावर जाणारा. नोकरी लागली, लग्न झालं, खेळ सुटला. दोन हजारच्या सुरुवातीला आम्ही कॅनडात आलो. खाद्यपदार्थांच्या पॅकिंगची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीत मला क्वालिटीचं काम मिळालं. तिथला एक सहकारी एका रविवारी मला मैदानावर घेऊन गेला. पस्तिशीच्या पुढच्या लोकांची लीग होती. तिथे मला गॅफर भेटले.

इंग्लंडात टीमच्या मॅनेजरला गॅफर म्हणतात. आमची सगळी टीम त्यांना तेवढंच म्हणायची. साठीला आलेले, बुटके, रुंद खांद्यांचे, नाक दोनदा मोडून वाकडं बसलेलं. आठवडाभर शाळेची पिवळी बस चालवायचे आणि रविवारी आम्हाला. उत्तर इंग्लंडातलं त्यांचं बोलणं पहिला महिनाभर मला अर्धंच कळायचं. मी मान डोलवत राहायचो.

मॅच संपली की गाडीची डिकी उघडून ते थर्मासमधला चहा काढायचे. माझं घर त्यांच्या वाटेवर होतं, म्हणून मी थांबायचो. त्या चहावर त्यांची सगळी कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते एका क्लबात लागले, मोठ्या खेळाडूंचे बूट घासायला. मग मिडफील्डला खेळू लागले. खालच्या डिव्हिजनमधले क्लब, चिखलाची मैदानं. "लोक तिकीट काढून मला शिव्या घालायला यायचे," ते म्हणायचे, आणि त्यात थोडा अभिमान असायचा. गुडघे गेल्यावर एका छोट्या गावच्या क्लबाचे मॅनेजर झाले. टीम एक पायरी वर नेली, मग ती खाली घसरली. त्यांच्याच कॅप्टनने मालकाकडे जाऊन सांगितलं की हा माणूस नुसती मारामारी शिकवतो. मालकाने त्यांना पार्किंगमध्ये उभ्याउभ्या काढलं.

"कॅप्टनने बरोबरच केलं," गॅफर म्हणाले. आणि मग एकदाच, थर्मासचं झाकण फिरवत, त्यांनी ते सांगितलं. समोरच्याच्या पायातला बॉल हिसकावायला त्यांनी घातलेल्या एका टॅकलनंतर विंगवरचा एक पोरगा पुन्हा कधीच खेळला नाही. "हॉस्पिटलात त्याला बघायलाही गेलो नाही मी. पुढच्या शनिवारी मॅच होती."

इथे बहिणीच्या आधाराने आल्यावर ते पार बदलले होते, की वयाने त्यांना बदललं होतं, सांगता येत नाही. आम्हाला मात्र ते सारखं एकच शिकवायचे. टॅकल उभ्याने करायचा. बॉलकडे बघायचं, माणसाकडे नाही. जो घसरतो तो आधीच उशिरा पोचलेला असतो. मला त्यांनी स्वतःची जागा दिली, मिडफील्डच्या मधली. "तुझ्यात मी दिसतो मला," एकदा म्हणाले. "चांगलं म्हणून सांगत नाही, लक्ष ठेव म्हणून सांगतोय." मला ती शाबासकीच वाटली. घरी येऊन बायकोला दोनदा सांगितली.

तिसऱ्या उन्हाळ्यात ती मॅच झाली. समोरच्या टीमचा दहा नंबर एक पोर्तुगीज गृहस्थ होता, माझ्याच वयाचा. घराघरांत टाइल्स बसवायचं काम करायचा. पायात जादू होती. पहिल्या वीस मिनिटांत त्याने दोनदा माझ्या पायांमधून बॉल काढला. दुसऱ्यांदा पुढे जाता जाता माझ्या गालावर हलकेच चापट मारली, दोस्तीतली असते तशी. साइडलाइनवर लोक हसले. माझी बायको आणि नऊ वर्षांची मुलगी तिथेच खुर्च्या टाकून बसल्या होत्या. मुलगी ओरडली, "Baba, he did it again!"

हाफटाइमला गॅफरनी मला बाजूला घेतलं. दोन वाक्यं बोलले. "त्याला थांबव. पण उभा राहून, घसरायचं नाही."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या हाफमध्ये तो माझ्यासमोर आला तेव्हा बॉल त्याच्या पायापासून जरासा दूर गेला होता. बॉल मला मिळाला असता. मी बॉलकडे बघितलंच नाही. त्याच्या उजव्या गुडघ्याकडे बघत धावलो आणि दोन्ही पाय पुढे टाकून घसरलो. आवाज आला. लाकूड मोडल्यासारखा वगैरे नाही, ओला, बारीक आवाज. तो ओरडला नाही. गवतात तोंड खुपसून पोर्तुगीजमध्ये काहीतरी पुटपुटत राहिला. रेफरीने रेड कार्ड दाखवलं तेव्हा मी हात पसरून म्हणत होतो, "बॉल! मी बॉलला गेलो होतो!"

गॅफर मैदानात धावत आले आणि माझ्याकडे न बघता त्याच्यापाशी गुडघे टेकून बसले. स्वतःचं जाकीट काढून त्याच्या डोक्याखाली ठेवलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही त्याच्या पायाकडेच पाहत होते. मी पाहत होती तुम्हाला."

"खेळात होतं असं," मी म्हणालो.

"असं काऊन होईल बाप्पा आपोआप?" एवढंच म्हणून ती स्वयंपाकाला लागली.

लीगने चौकशी बसवली. कम्युनिटी सेंटरमधली एक खोली, लांब टेबल, पलीकडे तिघं जण. मी ऑफिसातून थेट गेलो होतो, टाय घालून. गॅफर बस सोडून तसेच आले होते, अंगात तेच जुनं जाकीट. त्या तिघांनी आमच्या दोघांकडे बघितलं आणि मला त्याच क्षणी कळलं की त्यांच्या मनात काय आहे. एकीकडे शिकलेला, मऊ बोलणारा भारतीय इंजिनिअर. दुसरीकडे मोडक्या नाकाचा इंग्लिश माणूस, ज्याची जुनी ख्याती इथल्या सगळ्या फुटबॉलवाल्यांना ठाऊक होती. मला काही रचायचीही गरज नव्हती. गोष्ट त्यांनी आधीच रचून ठेवली होती, मी फक्त तिच्यात जाऊन बसायचं होतं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "हाफटाइमला तुमच्या मॅनेजरनी तुम्हाला काही सांगितलं होतं?"

"हो," मी म्हणालो. "म्हणाले, त्याला थांबव."

"आणखी काही?"

गॅफर माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होते. मी टेबलाकडे बघत म्हणालो, "नाही."

बाईंनी त्यांना विचारलं, "हे खरं आहे?" त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मला वाटलं आता बोलतील. आणि खरं सांगतो, ते बोलले असते तर मी त्यांना खोटं पाडायच्या तयारीत होतो. पण ते म्हणाले, "थांबव म्हणालो होतो मी. हो."

मला चार मॅचची बंदी आली. त्यांना लीगमध्ये दोन वर्षं कोणत्याही टीमचं काम करायला मनाई झाली. बाहेर पडताना मी म्हणालो, "गॅफर, मी..." तर ते म्हणाले, "बस उभी आहे माझी," आणि गेले.

पुढच्या वसंतात टीमने मला मॅनेजर हो म्हणून सांगितलं. मी एकदा नको म्हणालो, दुसऱ्यांदा हो. नवी शिट्टी आणली, वही केली. आणि माझ्या लोकांना मी काय शिकवलं? टॅकल उभ्याने करायचा. बॉलकडे बघायचं, माणसाकडे नाही. सगळी त्यांचीच वाक्यं, फक्त त्यांचं नाव काढून. लोक म्हणायचे, टीम किती सभ्य झाली आता.

त्याच वर्षी स्कारबरोत आमच्या आंबेडकर मंडळाने जयंतीचा कार्यक्रम ठेवला होता. हॉलमध्ये दीडेकशे माणसं. सुरुवातीला सगळे हात जोडून पंचशील म्हणत होते. मी लहानपणापासून म्हणत आलोय, झोपेतही चुकणार नाही. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझे ओठ थांबले. शेजारी मुलगी स्पष्ट आवाजात म्हणत होती. पाचव्याला मी पुन्हा आवाज मिसळला. बायकोने मान वळवली नाही, पण तिला कळलं होतं. त्या रात्री परतीच्या वाटेवर मी तिला गॅफरच्या त्या दोन वाक्यांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझं थोडीच काही मोडलं."

तरी मी आणखी दोन उन्हाळे मॅनेजर राहिलो.

मग आम्ही बेसमेंटमध्ये वॉशरूम करायला काढली. टाइल्स बघायला दुकानात गेलो, तर काउंटरमागे तोच बसला होता. दहा नंबर. मी मागे फिरणार होतो, पण त्याने मला ओळखलं आणि बायकोने माझी बाही धरली.

"आता विकतो," तो म्हणाला. "बसवायला गुडघे टेकावे लागतात." आवाजात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं. मग म्हणाला, "तुमचे म्हातारे कोच कसे आहेत? त्या हिवाळ्यात दर शनिवारी मला फिजिओला न्यायचे. स्वतःच्या गाडीने. मला सांगितलं, चूक माझी, त्या माणसाने माझं ऐकलं फक्त."

मी काउंटरवरच्या टाइल्सच्या नमुन्यांकडे बघू लागलो.

"मी त्यांना म्हटलं, मी त्याचा चेहरा पाहिलाय. तो कोणाचं ऐकून आलेला चेहरा नव्हता. तर म्हणाले, सोडून दे." त्याने कॅटलॉग आमच्याकडे सरकवला. "कोणता रंग बघताय?"

बायकोने कॅटलॉग बंद केला आणि आम्ही बाहेर आलो. गाडीत ती म्हणाली, "आता जा." मला कुठे ते विचारावं लागलं नाही.

गॅफर घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हलने, म्हणजे फावड्याने, काढत होते. मी रस्त्यावरूनच बोलायला सुरुवात केली, आत जायची हिंमत नव्हती. चौकशीतलं, दुकानातलं, सगळं. ते बर्फ काढत राहिले. संपल्यावर शोव्हलवर रेलून म्हणाले, "इंग्लंडात मी माझ्या पोरांना फक्त पहिलं वाक्य सांगायचो. थांबव त्याला. पुढचं त्यांचं त्यांनी समजून घ्यायचं, आणि ते समजायचे. दुसरं वाक्य बोलायला शिकायला मला तीस वर्षं लागली." मग म्हणाले, "आणि ते तू खाऊन टाकलंस."

"तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात?"

"कोणी विश्वास ठेवला असता? तू ठेवू दिला असतास?"

मी म्हणालो, मी लीगला सगळं लिहून कळवतो. ते म्हणाले, "लिही. माझ्यासाठी नको लिहू." आत ये असं ते म्हणाले नाहीत, आणि त्यांचं बरोबर होतं.

मी पत्र लिहिलं, पानभर. उत्तर आलं तीन ओळींचं: प्रामाणिकपणाबद्दल आभार, बंदीची मुदत आधीच संपलेली आहे, प्रकरण बंद आहे. टीमलाही मी सांगितलं आणि काम सोडलं. दोघंतिघं म्हणाले, एवढं काय त्यात, जुनी गोष्ट आहे. त्यांचं ते समजावणं ऐकवत नव्हतं. टीमने गॅफरना परत बोलावलं, पण ते आले नाहीत. शनिवारी बसची जादा फेरी असते म्हणाले. मॅचेस रविवारी असतात.

मुलगी तोवर बारा-तेराची झाली होती. कोचिंग का सोडलं विचारू लागली, तेव्हा तिलाही सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "Did you say sorry to the tile guy?"

"त्याला माहीत आहे सगळं," मी मराठीत म्हणालो.

"That's not what I asked."

म्हणून मी पुन्हा त्या दुकानात गेलो, या वेळी एकटा, दुपारच्या वेळी. तो काउंटरमागे स्टुलावर बसून डबा खात होता. मी म्हणालो, मला कोणी सांगितलं नव्हतं, मी ठरवून तुझ्या गुडघ्यावर आलो, तू माझ्या गालाला हात लावलास म्हणून, आणि मला माफ कर. मधेच माझं इंग्रजी अडलं, एक वाक्य दोनदा झालं.

त्याने घास संपवला. "गालाला?" तो म्हणाला. "मला आठवतही नाही." आणि खरंच आठवायचा प्रयत्न करत राहिला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याने डब्याला झाकण लावलं, दोन्ही तळवे काउंटरवर टेकले आणि उजवा पाय सरळ ठेवून, आधी डाव्यावर भार घेत, तो हळूहळू उभा राहिला. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारायला वळला. मी दाराशी जरा वेळ थांबलो, आणि मग बाहेर पडून दार हळूच लावून घेतलं.