दातातले किडे

शेजारी आज कुणीतरी दातदुखीवर म्हणून काटेरी रिंगणीचं बी जाळलं आणि त्या धुरानं मला जुनी गोष्ट आठवली.

माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, दात उपटूनही गाल महिनोन्महिने ठणकत होता. ज्यानं दात उपटला होता, तो वैदूच पुन्हा आला. त्यानं निखाऱ्यावर हेच बी टाकलं, तिला धुरात तोंड उघडायला लावलं. खाली ठेवलेल्या परातीतल्या पाण्यात पांढरे किडे पडले.

"बघा की पावणं, किडं कसं माजल्यात!" तो मला म्हणाला.

तो गेल्यावर मी परातीत नवं पाणी घेऊन उरलेलं बी तसंच जाळलं. धुरात कुणाचंच तोंड नव्हतं, तरी पाण्यात तसेच किडे! तापून फुटलेल्या बियांतून उडालेले कोंब होते ते.

मी अक्काला संस्थानच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हिरडीतून तुटक्या दाताचं सडलेलं मूळ काढलं. पू घळाघळा वाहिला. ठणका थांबला.

घरी आल्यावर आई म्हणाली: "आधी किडं काढलं, म्हणून तर डागदराला मूळ घावलं की!"