हलकी ताडपत्री

"हलका माल? मेरे दुकान में? चला, उतरा पायरी!"

नांदेडच्या भर बाजारात ताडपत्रीवाले चाचा इतक्या जोरात ओरडले, की समोरच्या हॉटेलात एकाच्या बशीतला चहा सांडला आणि रस्त्यातले दोन ऑटो हॉर्न न वाजवता बाजूला झाले. ज्यांच्यावर ते ओरडत होते ते माझे लातूरचे साडूभाऊ मात्र पायरीवर निवांत उभे. हातात आकडा लावलेला वजनाचा स्प्रिंगकाटा, चेहरा देवळात उभं राहिल्यासारखा. "चाचा, चिडता कशाला? मी फकत म्हनलं, सगळ्यात हलकी ताडपत्री दाखवा. ह्या सगळ्या लई भारी हायेत." यावर चाचांचा चेहरा अधिकच लाल झाला. "भारीच असणार ना साब! तीन पिढ्यांची दुकान हाय. अर्धापूरच्या केळीच्या गाड्या अन् नायगावचं सोयाबीन आमच्या ताडपत्रीखाली कोरडं राहतं. हलका माल लेना है तो आगे जाव!" साडूभाऊंनी उतरता उतरता सुचवलं, की कडेच्या पितळी रिंगा काढल्या तर बरंच वजन कमी होईल. "अन् बांधनार कशानं? दातानं?" हा प्रश्न आमच्या पाठीवर येऊन आदळला तेव्हा आम्ही चौक ओलांडलेला होता.

वजनाचा एवढा धसका घेतलेला माणूस गोदावरी आणि मांजरा या दोन नद्यांच्या मध्ये दुसरा जन्मला नसेल. निवृत्त झाल्यापासून साडूभाऊंना पाठीवर पिशवी टाकून लांब चालायचं वेड लागलं, आणि पिशवीतल्या प्रत्येक वस्तूशी त्यांनी वैर धरलं. दात घासायच्या ब्रशची दांडी त्यांनी निम्म्यात कापली. शर्टाची वरची दोन बटणं काढली, कारण ती लावत नव्हतेच. लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर झाला की टोपी काट्याला अडकवून बघत आणि नारळ तिथल्या तिथं, हात जोडून, वधूपित्याला परत करत. एका वधूपित्याला वाटलं पाहुणे रुसले. तो तालुक्याच्या वेशीपर्यंत नारळ घेऊन यांच्या मागं पळाला होता. आमच्या वास्तुशांतीला हे गृहस्थ लातूरहून नांदेडला चालत निघाले. पोचले तेव्हा मांडववाला शेवटचा बांबू उपसत होता. "जेवण उरलंय का?" असं विचारून ते पोटभर जेवले. पोटातलं वजन पिशवीत धरत नाहीत, हा त्यांचा सिद्धांत.

पण ताडपत्रीची गोष्ट गमतीची नव्हती. गेल्या वर्षी ते मांजरेच्या काठाकाठानं निघाले होते. लातूरकडून खाली निलंग्यावरून, पार नदी गोदावरीला मिळते त्या संगमापर्यंत जायचं ठरवून. निलंग्याच्या पुढं पाऊस लागला. अंगावर छप्पर म्हणून त्यांनी गादीवरचं प्लॅस्टिक नेलं होतं, हलकं म्हणून. रात्रभर भिजले. मग न्यूमोनिया आणि दवाखाना. काचेच्या दारापलीकडं बसून माझ्या मेव्हणीनं, म्हणजे अक्कानं, त्यांची छाती वरखाली होताना मोजावी तशी पाहिली. ते घरी आले तेव्हा तिनं एकच अट घातली: "जायचं तर जावा. पर तुमचं छप्पर मी तपासनार. तुमच्या अंगावर एक थेंब पडला की पिशवी माळ्यावर. कायमची." दवाखान्यातल्या डॉक्टरनं गुडघ्यांकडं बोट दाखवून जड ओझं बंद केलेलं. म्हणजे छप्पर जड असलं तर गुडघे जाणार आणि गळकं असलं तर बायको जाऊ देणार नाही. माणसाची उरलेली सगळी हौस त्या एका कापडात अडकली होती.

पुढच्या दुकानात काम झटक्यात झालं. "हलकी? आहे की! एकदम हलकी!" असं म्हणत दुकानदारानं निळं काहीतरी काढलं. साडूभाऊंनी ते काट्याला टांगलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मी ते उजेडाकडं धरलं, तर पलीकडच्या गाड्यावरचा वडा मला दिसला. तळला जातोय की नुसता ठेवलाय तेही कळत होतं. "साडूभाऊ, ह्यातून आरपार दिसतंय." ते म्हणाले, "हवेशीर असतंय ते."

परीक्षा लातूरला, गच्चीवर झाली. आता लातुरात नळ कधी येईल हे नळालाही माहीत नसतं. तिथं बाई धुण्याचं पाणी झाडाला घालते आणि झाडाखालून निथळलेलं फरशीला. अशा गावात अक्कानं भरलेली टाकी या परीक्षेला मोकळी केली, यावरून तिच्या मनात काय चाललं असेल ते समजावं. चालायची काठी मधोमध उभी करून साडूभाऊंनी ताडपत्री ताणून बांधली. खाली ते बसले आणि साक्षीदार म्हणून मी, गुडघे हनुवटीला लावून. बाहेर अक्का झारी घेऊन उभी.

पाणी सुरू झालं. वर तडतड, खाली आम्ही दोघं अंग चोरून. एक झारी झाली. दुसरी झाली. साडूभाऊ छताकडं असे बघत होते जसं दहावीच्या निकालाकडं पोरगं बघतं. तिसऱ्या झारीला शिवणीच्या जागी एक काळसर ठिपका दिसला. त्याचा मणी झाला. मणी लोंबू लागला. मी माझं टक्कल त्याच्याखाली सरकवायला लागलो, कारण अट 'तुमच्या अंगावर' अशी होती, माझ्या अंगाचा त्यात उल्लेख नव्हता. पण एवढ्या जागेत दोन मांड्या हलतील तर शपथ. थेंब सुटला आणि साडूभाऊंच्या नाकाच्या शेंड्यावर पडला.

"पडलं का?" बाहेरून अक्का.

मी "छे!" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"पडलं."

ज्या माणसानं आयुष्यात वजनात खोट केली नाही, त्याला थेंबात करता आली नाही. त्यांनी नाक पुसलं नाही. ताडपत्री सोडली, घडी केली आणि पिशवी उचलून माळ्याच्या शिडीकडं गेले. दुपारी त्यांनी भाकरी काट्याला न लावताच खाल्ली. तेव्हा अक्का उठून आत गेली आणि भांडी उगीच आदळत राहिली. मग पदर खोचून बाहेर आली. "पाव्हणे, ते पहिलं दुकान कुठलं? ज्यानं ह्यान्ला हाकललं ते? चला."

दुसऱ्या दिवशी नांदेडला दुकानात शिरताच चाचांनी साडूभाऊंना ओळखलं आणि उभं राहून बाह्या सरसावल्या. अक्का पुढं झाली. "चाचा, मला हलका माल नको. भारी पाहिजे. एकदम भारी. फकत वजनाला कमी."

चाचा जागच्या जागी निवले. "ऐसा बोलो ना, बाई!" त्यांनी वरच्या फळीवरून छत्रीच्या कापडासारखं, हातात धरलं तर मुठीत मावेल असं काहीतरी काढलं. "भारीवाली हाय. मच्छीवाले, डोंगरावाले नेतात. ये साबने उस दिन हलकी मांगी, तो मैं ये कैसे देता?" चार जणांनी चार कोपरे धरले, मध्ये बादली ओतली आणि चाचांनी स्वतःची टोपी काढून खाली ठेवली. आम्ही सगळे त्या टोपीकडं बघत उभे राहिलो. गिऱ्हाइकं थांबली. चाचांनी टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि म्हणाले, "सूखी."

ती ताडपत्री पिशवीत घालून साडूभाऊ पुन्हा मांजरेच्या काठानं निघाले ते श्रावणात. आणि त्या आठवड्यात पावसानं असा सूड उगवला की मांजरेवरच्या धरणाची दारं उघडल्याची बातमी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरू लागली. सगळ्यांच्या म्हणजे त्यांचा सोडून. त्यांनी चार्जर घरी ठेवला होता. वजन! अक्का गुरुद्वाऱ्याचं दर्शन घ्यायचं म्हणून नांदेडला आली आणि आमच्या ओट्यावर बसली ती दर्शनाला गेलीच नाही. फाटक वाजलं की उठायची, दूधवाला बघून बसायची. माझी बायको म्हणाली, "अक्का, चार घास खा." अक्का म्हणाली, "खाल्लं मी." खाल्लं नव्हतं.

एका सकाळी फाटक वाजलं आणि ती उठलीच नाही, जीव भांड्यात पडून बसूनच राहिली, कारण पावलं ओळखीची होती आणि त्यांच्याबरोबर खोकला नव्हता. साडूभाऊ काळे, वाळलेले, पण कोरडे. संगमापर्यंत जाऊन, कुंडलवाडीहून एसटीनं आलेले.

"गळली का?" अक्कानं विचारलं.

"उघडलीच न्हाई. बांधाया लागलो की कुनीतरी यायचं. आमच्या गावात पाव्हना बाहेर झोपतो का, म्हनायचं. एका म्हातारीनं तर काठीच हिसकली."

अक्का ओट्यावरून उठली. तिनं त्यांच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली आणि तिचा हात खाली गेला. आत नारळ होते. गावोगावचे, कुंकू लावलेले. हा माणूस एकही परत करू शकला नव्हता.

"अगो बाई, केवढं हे! काट्याला लावून बगितलं का?"

"काटा देऊन टाकला वाटेत," साडूभाऊ चपला काढत म्हणाले. "जड होत होता."