मित्राच्या तासाला बसलो तेव्हा
ताज्या ऑइलपेंटचा वास आला की आमचं धाराशिवचं कॉलेज आठवतं. मूल्यांकन समिती येणार म्हणून भिंती रंगत होत्या आणि मी नुकताच प्रभारी प्राचार्य झालो होतो. भिंतींपेक्षा शिकवणं सुधारावं असं वाटायचं, म्हणून मी प्रत्येकाच्या तासाला मागच्या बाकावर बसू लागलो. एके दिवशी जुन्या मित्राची पाळी आली. तेर या आमच्या गावाहून आम्ही दोघं वर्षानुवर्षं एसटीत शेजारी बसून यायचो. तो जुनी टिपणं वाचून दाखवत होता आणि पोरं मुकाट्यानं उतरवून घेत होती. तासानंतर व्हरांड्यात मी म्हटलं, "अरे, टिपणं ठेव बाजूला. गप्पा मारतोस तसं शिकव, पोरं लई ऐकतील." त्यानं टिपणं पिशवीत घातली. मग म्हणाला, "व्हय सर. तुम्ही म्हणाल तसं." मला तो पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाला होता. संध्याकाळी एसटीत माझ्या शेजारची जागा मोकळी असूनही तो पुढं जाऊन बसला. त्यानं टिपणं मात्र सोडली, आणि त्या वर्षी त्याच्या तासाला दुसऱ्या वर्गातली मुलंही दाराशी उभी राहून ऐकायची. आता आम्ही दोघंही निवृत्त झालोय. तेरच्या बाजारात भेटला की तो अदबीनं हात जोडतो आणि मीही हात जोडून पुढं जातो.